म्हणून दाखव

आबा,

काल आष्ट्याहून एक मुलगी आली होती, वडिलांना घेऊन. तिला विमान चालवायचं आहे. मी निवृत्त होऊन सांगलीत राहायला आल्यापासून अशी पोरं अधूनमधून घरी येतात. कुणीतरी त्यांना सांगतं, तिथं एक म्हातारा कॅप्टन राहतो, त्याला विचारा. मी त्यांना बसवतो, चहा देतो आणि तेच ते सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. डोळे आणि कान आधी डॉक्टरला दाखवा, मग स्वप्नं बघा. इंग्रजी नुसतं बोलता येऊन भागत नाही, रेडिओच्या खरखरीतून ऐकताही आलं पाहिजे. परवाना हातात पडला म्हणजे नोकरी लागली असं नाही, मधली काही वर्षं वाट बघण्यात जातील, तेव्हा बसून राहू नका, उडत राहा. हे सगळं त्यांना आधीच ठाऊक असतं. तरी जाता जाता दारात चपला घालताना एखादं पोर विचारतंच, "सर, पण खरं काय लागतं?" आणि मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेतो, कारण त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याशिवाय देता येत नाही आणि परक्यांपुढे तुमच्याबद्दल बोलणं मला जमत नाही. काल ती माणसं गेल्यावर मात्र कागद घेऊन बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहितो.

खाणीपासून सुरुवात करावी लागेल. आपल्या गावाच्या माळावर, कडेगावच्या अलीकडे, एका कंत्राटदाराची खडीची खाण होती आणि तुम्ही तिथं लाल निशाण घेऊन उभे असायचात. सुरुंग पेरून झाले की शिट्टी फुंकत माणसं वर काढायची, वाट अडवायची, आणि सगळे बाहेर आले की मुकादमाला तसं सांगायचं, एवढं तुमचं काम. मी शाळेतून येताना बांधावर उभा राहून बघत असे. निशाण हातात आलं की तुमची पाठ ताठ व्हायची. घरात तुम्ही इतके ताठ कधी बसत नव्हता. तुम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलात त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. आल्या आल्या तुम्ही देव्हाऱ्यातले टाक येरळा नदीत सोडले, वाटेत भेटणाऱ्याला वाकून जोहार करणं सोडलं, गावकीची कामं सोडली. आई सांगायची, की पहिल्यांदा तुम्ही चावडीसमोरून मान वर करून गेलात तेव्हा मागून येणाऱ्या तिनंच मान खाली घातली होती. एवढं सगळं सुटलं, पण एक शब्द राहून गेला. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या वरून आलेल्या प्रत्येक हाकेला एकच उत्तर दिलं होतं, "जी". हाक मारली, जी. काम सांगितलं, जी. शिवी दिली, तरी जी. मोठ्या आवाजात कुणी काही बोललं की तो शब्द तुमच्या तोंडून आपोआप निघायचा, झोपेत कूस बदलावी तसा.

त्या दिवशी शेजारी खडी फोडायचं यंत्र धडधडत होतं. मुकादमानं वरून ओरडून विचारलं, "समदी भाईर आली का रं?" तुम्हाला शब्द कळले नाहीत, नुसता आवाज कळला. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "जी". तुमच्या मनातल्या जीचा अर्थ होता, काय म्हणालात? मुकादमाच्या कानात पोचलेल्या जीचा अर्थ झाला, होय. खाली दगडाआड एक माणूस तंबाखू मळत बसून राहिला होता. तुम्हाला तो दिसला आणि तुम्ही निशाण टाकून त्याच्याकडे धावलात, पण तोवर सुरुंग उडाले होते. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. तुमचा डावा कान कायमचा गेला आणि उजवा त्या दिवसापासून दर वर्षी थोडा थोडा जात राहिला. पुढं कितीतरी दिवस तुम्ही घराबाहेर पडला नाहीत. आणि मग एका सकाळी चुलीपुढं बसून भाकरी खाता खाता म्हणालात, "द्येव नदीत सोडलं गड्या, पर जिभंवरचा जी तसाच ऱ्हायला."

त्याच सकाळी घरात कायदा झाला. आपल्या घरात जी बंद. नुसतं व्हयसुद्धा बंद. कुणी काही सांगितलं तर जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं, मग उठायचं. आई मला दळणाला पाठवतेय, म्हणतेय, "जुंधळं जाडसर आन." मी पायरीवर थांबून म्हणतोय, "जुंधळं, जाडसर दळून आनायचं." मग ती मान हलवते आणि मी पळतो. सुरुवातीला मला त्याचा भारी कंटाळा यायचा. आईला तर हसूच आवरायचं नाही. एकदा ती म्हणाली, "आवं, भाकरी झाल्या, जेवाय चला." तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "भाकरी झाल्या, जेवाय चला." ती म्हणाली, "आता ह्यात म्हनून दाखवण्यासारखं काय हाय?" तुम्ही म्हणालात, "हाय तर. कोरड्यास काय केलंय ते तू सांगिटलंच न्हाईस." आळीतली माणसं आपल्या घराला राघूंचं घर म्हणायला लागली. पोरं मला बघून पोपटासारखी शीळ घालायची. मी रडत आलो की तुम्ही विचारायचात, "काय म्हनली पोरं?" आणि मला ती शीळसुद्धा परत घालून दाखवावी लागायची. ती घालता घालता माझं रडणं थांबायचं, हे तुमच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

पुढं मी सांगलीला कॉलेजात गेलो. विमानाचं वेड कुठून शिरलं ते नेमकं सांगता येणार नाही. वाचनालयातल्या वर्तमानपत्रात पुण्याच्या फ्लाइंग क्लबची जाहिरात होती, सरकारी सवलतीत शिकवतात म्हणून. मी ती वाचली आणि पुढचे कितीतरी दिवस माझं पुस्तकात लक्ष लागेना. सुटीत घरी आलो. आई चुलीपुढं, तुम्ही उंबऱ्यात, उजवा कान घराकडे करून बसलेले. मी सांगितलं. आईची तव्यातली भाकरी करपली. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "इमान?"

"व्हय, आबा."

"व्हय नगो. काय करनार ते सांग."

"पुन्याला क्लबात इमान चालवाय शिकनार. परीक्षा दिऊन परवाना काडनार. मग कंपनीत लागनार."

"आन तितं समदी सायेब लोकं असनार."

"समदी सायेब लोकं असनार."

"त्येंच्यापुढं न्हाई म्हनता यील तुला?"

मला तो प्रश्न विचित्र वाटला. मी म्हटलं, शिकायला जाणाऱ्यानं साहेबाला नाही कशाला म्हणायचं, तो सांगेल ते ऐकायचं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ज्येला न्हाई म्हनता येत न्हाई, त्येच्या व्हयाचा काय उपेग न्हाई. इमानात तर न्हाईच. जा तू. पर ज्या दिवशी सायबाला पयल्यांदा न्हाई म्हनशील, तवा मला यीऊन सांग." मी उठलो, तुम्ही हात धरलात. "म्हनून दाखव." मी म्हणून दाखवलं, "ज्या दिवशी सायबाला पयल्यांदा न्हाई म्हनीन, तवा यीऊन तुमाला सांगनार." मग तुम्ही हात सोडलात.

पुण्यातली पहिली काही वर्षं कशी काढली ते तुम्हाला मी कधी सविस्तर सांगितलं नाही, आताही सांगत नाही. आडनाव विचारून झाल्यावर काही लोक पुढची चौकशी थांबवत, एवढंच. मी ठरवलं होतं, की मला इथून काढायचं असेल तर माझ्या उडण्यावरून काढावं लागेल, दुसऱ्या कशावरून मी निघणार नाही. मुख्य शिक्षक हवाई दलातून आलेले. शिकवणं इंग्रजीत, शिव्या हिंदीत. विमान वर-खाली दोन पंखांचं, उघडं. पुढं ते, मागं मी, आणि मध्ये कानाला लावलेली रबरी नळी, तिच्यातून जे ऐकू येईल ते शिक्षण. बाकीचे विद्यार्थी प्रत्येक वाक्याला "येस सर" म्हणत. मी सवयीनं सगळं परत म्हणे. "डावीकडे वळ." "डावीकडे वळतोय, सर." "नाक खाली." "नाक खाली घेतोय, सर." तिसऱ्या दिवशी खाली उतरल्यावर ते म्हणाले, "तू माणूस आहेस की पोपट?" आबा, मला इतकं हसू आलं. आपल्या आळीतली शिवी पुण्यापर्यंत चालत आली होती. पुढं रेडिओची परीक्षा आली तेव्हा त्यांनीच वर्गात सांगितलं, की जमिनीवरून आलेला प्रत्येक हुकूम वैमानिकानं शब्दाला शब्द परत म्हणायचा असतो, साऱ्या जगात हाच नियम आहे. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम.

या यशानं मी शेफारलो. परत म्हणणं मला येत होतं, पण तुमचं अर्धंच शिक्षण माझ्या अंगी लागलं होतं हे मला माहीत नव्हतं. त्या विमानाचा पंखा हातानं फिरवून सुरू करावा लागे. मेकॅनिक समोर उभा राहून ओरडतो, "स्विच ऑफ?" आत बसलेल्यानं इंजिनाच्या ठिणगीचा स्विच बंद असल्याचं बघून उत्तर द्यायचं, "स्विच ऑफ". मग तो पंख्याला हात घालतो. एका सकाळी मला एकट्यानं उडायचं होतं, डोक्यात वारा भरला होता. त्यानं विचारलं. मी न बघता म्हणालो, "स्विच ऑफ". शब्द अगदी बरोबर, राघूसारखा. स्विच चालू होता. त्यानं हात घातला आणि पंखा एकदम उसळला. त्या माणसाचं नशीब आणि त्याची चपळाई, म्हणून हात राहिला. तो मागं पडला, बसल्या जागी आपली बोटं बघत राहिला. शिक्षकांनी मला खाली उतरवलं आणि शांतपणे सांगितलं, की पुढं कळवेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. त्यांनी शिवी दिली नाही, त्यावरून मी समजलो की आपलं बहुतेक संपलं.

मी गावी आलो. तुम्हाला सांगितलं, तुमच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, सगळं. तुम्ही मला मारलं असतंत तर बरं वाटलं असतं. तुम्ही पटका बांधलात आणि म्हणालात, "चल." कडेगावात बाजाराच्या टोकाला खाणीत पाय गेलेल्या त्या माणसाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होतो. एक पाय खाली, दुसऱ्या बाजूला दुमडून खोचलेलं धोतर, आणि मांडीवर पंक्चर काढायची ट्यूब. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यो तुजा पायलट व्हय रं? पायलट म्हंजी पाय लटकावून बसायचं काम असंल. त्ये तर मी हितं रोज करतोय." तुम्ही हसला नाहीत. मला म्हणालात, "सांग ह्येला काय केलंस त्ये." मी सांगितलं. तो ट्यूबला ठिगळ लावत राहिला, लावून झाल्यावर विचारलं, "हात ऱ्हायला का त्येचा?"

"ऱ्हायला."

"मग हितं माज्याफुडं कशाला रडतोयास? जाऊन त्येच्याफुडं हुबा ऱ्हा." मग त्यानं तुमच्याकडे बोट केलं. "ह्यो तुजा बाप, पाय ग्येल्यावर लय दिस माज्याफुडं आला न्हाई. लाजत हुता म्हनं. पायापरीस मला त्येचाच राग जास्त आला हुता."

तुम्ही खाली बघितलंत. परतीच्या वाटेवर तुम्ही मला त्या दिवसाची, जीची, मुकादमाची सगळी हकिगत सांगितलीत, पहिल्यांदा आणि शेवटचीच. शेवटी म्हणालात, "तुला म्या निम्मंच शिकिवलं बग. म्हनून दाखवायच्या आदी बगायचं असतंय. न बगता म्हनलेला बरोबर सबूदबी जीच असतोय." मी ते म्हणून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "आता जा."

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो, आधी शिक्षकांकडे नाही, मेकॅनिककडे. त्याच्यापुढं उभा राहिलो. तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, विमानं धुवायची आहेत, बादली तिकडं आहे. मी धुतली. उडणारी पोरं वरून जात होती आणि मी खाली पंखांवरचा चिखल काढत होतो. जाणाऱ्या-येणाऱ्यातल्या दोघातिघांना ते दृश्य त्यांच्या मनासारखं वाटत असणार, मी त्यांना ते पोटभर बघू दिलं. पळून गेलो असतो तर त्यांचं खरं झालं असतं. बऱ्याच दिवसांनी त्याच मेकॅनिकनं शिक्षकांना जाऊन सांगितलं, की याला बसवा, पंखा मी फिरवतो. तो समोर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "स्विच ऑफ?" मी स्विचवर हात ठेवला, बघितलं, आणि म्हणालो, "स्विच ऑफ. हात लावून बघितलाय." त्या जादाच्या शब्दांची गरज नव्हती. त्यानं पंख्याला हात घातला.

परवाना मिळाला, वाट बघण्यात काही काळ गेला, आणि साठाचं दशक संपायच्या आत मी कंपनीत लागलो, डकोटा विमानावर, उमेदवार सहवैमानिक म्हणून. उमेदवाराला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ज्याच्याबरोबर तो उडेल त्या कॅप्टनच्या शब्दावर असे. माझे कॅप्टन कडक म्हणून प्रसिद्ध होते. आमची फेरी मुंबई ते बेळगाव. स्वच्छ दिवशी उजव्या हाताला कोयनेचं पाणी दिसायचं, आणि मग मी डावीकडं मान वाकडी करकरून आपला माळ शोधायचो. आई मला सांगायची, की विमानाचा आवाज आला की ती धावत येऊन तुमच्या खांद्याला हात लावते आणि तुम्ही वर बघता. तुम्हाला आवाज ऐकू येत नव्हता, पण तुम्ही बरोबर दिशेला बघायचात म्हणे.

आषाढातली दुपार होती. बेळगाववर ढग जमिनीला टेकले होते. कॅप्टन काट्यांवर नजर ठेवून विमान खाली आणतायत आणि बाहेर बघायचं काम माझं. काचेवर पाणी, पुढं सगळं राखेच्या रंगाचं. त्यांनी विचारलं, "धावपट्टी दिसते ना?" तो शेवटचा "ना" तुम्ही ओळखला असता, आबा. साहेबानं प्रश्नातच उत्तर घालून विचारलेलं होतं. समोर एक काळसर पट्टा होता. धावपट्टी असेल, डांबरी रस्ता असेल, पाणी साचलेलं शेतही असेल. माझ्या जिभेवर "येस सर" तयार होतं. माझी नोकरी, आईचा आनंद, क्लबातल्या त्या दोघातिघांना दिलेलं उत्तर, सगळं त्या एका शब्दात मिळत होतं. मी पुन्हा बघितलं. आणि म्हणालो, "नाही, सर. दिसत नाही."

"समोर काळं दिसतंय ते काय आहे?"

"सांगता येत नाही, सर. रस्ता असेल."

त्यांनी इंजिनांचा जोर वाढवला आणि विमान वर घेतलं. मागं प्रवाशांची कुजबूज सुरू झाली. आम्ही पुन्हा घिरटी घालून आलो, तेव्हा ढग जरा उचलला होता. धावपट्टी समोर होती. मघाशी तो काळा पट्टा होता तिथंच, तीच. मी चुकलो होतो. उतरलो, प्रवासी गेले. कॅप्टन पावसात पंखाखाली उभे राहून सिगारेट पेटवत म्हणाले, "ती धावपट्टीच होती." मी म्हणालो, "हो सर." ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." मला राहवलं नाही, मी विचारलं, "मग वर का नेलंत, सर?"

"कारण तू नाही म्हणालास," ते म्हणाले. "तुझ्या चुकीच्या नाहीला थोडं पेट्रोल लागलं. चुकीचं हो म्हणाला असतास तर इथं उभं राहून सिगारेट कोण ओढणार होतं? मला हो म्हणणारी पोरं खूप मिळतात. उद्या सकाळी वेळेवर ये." मी कायम झालो तो त्या दिवशी, पत्र पुढं आलं ते आलं.

वचनाप्रमाणे मी तुम्हाला सांगायला आलो. आईच्या हट्टापायी गणवेश घालून आलो, खांद्यावर पट्टी लावलेला. अंगणात सारी आळी जमली होती. ज्यांनी शीळ घातली होती ती पोरं आता बापे झाली होती, तीही होती. तुम्ही बाजल्यावर बसला होता. मी तुमच्या उजव्या बाजूला बसलो आणि साध्या आवाजात सगळं सांगितलं, ढग, काळा पट्टा, मी नाही म्हणालो ते, मी चुकलो ते, कॅप्टन काय म्हणाले ते. तुम्ही माझ्या खांद्यावरच्या पट्टीकडे, मग माझ्या ओठांकडे बघत होता. माझं बोलणं संपलं. तुम्ही जरा पुढं वाकलात, आणि हळूच, फार आदरानं म्हणालात, "जी."

लोक समाधानानं हसले. त्यांना वाटलं बापानं लेकाला मान दिला. फक्त आई चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग चहा आला. पुढच्या रजेला मी आलो तेव्हा तुम्ही नव्हता.

कालच्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिचे वडील माझ्या प्रत्येक वाक्याला "हो साहेब, हो साहेब" करत होते. मी मुद्दाम परीक्षांचा क्रम भराभर, उलटासुलटा सांगितला आणि तिला म्हणालो, "म्हणून दाखव." वडिलांनी तिला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "मला मधलं कळलं न्हाई, सर. परत सांगा." वडील लाजले, माझी माफी मागायला लागले. मी त्यांना म्हणालो, माफी कसली मागता, ही उडेल. दारात चपला घालताना तिनंच मग तो नेहमीचा प्रश्न विचारला, खरं काय लागतं. मी म्हणालो, तू मघाशी बोललीस ते. तिला ते पटलेलं दिसलं नाही. काही मोठं ऐकायला मिळेल असं तिला वाटलं असणार. पटेल पुढं कधीतरी.

ती गेल्यावर मला चैन पडेना. एवढं साधं वाक्य त्या पोरीला माझ्यासारख्या परक्या माणसापुढं बोलता आलं, आणि त्या दिवशी अंगणात मी तुम्हाला "ऐकू आलं का?" एवढंही विचारलं नाही. तुम्हाला काहीच ऐकू गेलेलं नव्हतं. हे मला तुमच्या तोंडून जी निघाला त्याच क्षणी कळलं होतं. इतकी वर्षं मी मनाला सांगत आलो, की चारचौघांत बापाचा बहिरेपणा उघडा पाडू नये म्हणून गप्प बसलो. ते खरं नाही. पुन्हा सांगायचं तर तुमच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं असतं, आणि साऱ्या आळीसमोर, अंगात गणवेश असताना, "धावपट्टी दिसत होती, मी चुकलो" हेही ओरडूनच सांगावं लागलं असतं. तेवढ्याची मला लाज वाटली. एवढंच होतं.

आता त्या नाहीचं सगळं सांगून झालं आहे, क्रमानं, काही न गाळता. आबा, साहेबाला मी नाही म्हणालो. चुकीचं म्हणालो, पण म्हणालो. म्हणून दाखवा.